मुलीच्या बॅगेतला कप

पत्र:

"माझी मुलगी १९ वर्षांची आहे, शिकायला बाहेर राहते. सुट्टीत घरी आली तेव्हा तिच्या बॅगेत मासिक पाळीचा कप सापडला, रक्त गोळा करायला योनीत बसवतात तो. नणंद तेव्हा घरीच होती. ती म्हणाली, 'लग्नाआधी असलं काही आत घालतात का? उद्या सासरी काय सांगणार?' मी घाबरले. कप काढून घेतला आणि माझ्या कपाटात ठेवला. तेव्हापासून मुलगी कामापुरतंच बोलते. सासूबाई म्हणतात, जुनं सुती कापडच चांगलं. मी स्वतः पॅड वापरते. त्यानं जांघेत पुरळ उठतं, पण सवय झाली आहे. गेलं वर्षभर अंगावरून जरा जास्तच जातं, दोन तासांत पॅड भिजतं, पण ४६ वय म्हणजे पाळी जायचेच दिवस, म्हणून चालवून घेते. आमच्याकडे चार दिवस देवाला शिवायचं नसतं, वेगळं झोपायचं असतं. मुलीनं या वेळी ते पाळायला साफ नकार दिला. कपानं खरंच कौमार्य जातं का? तो आत अडकला तर? तिनं काय वापरावं? आणि या वादात मी कुणाची बाजू घेऊ?"

ताई,

कप आजच मुलीला परत द्या. उरलेलं उत्तर त्यानंतर सावकाश वाचलंत तरी चालेल. तिनं काही चोरून केलेलं नाही. माहिती काढली, विचार केला आणि स्वतःची सोय स्वतः बघितली, एवढाच त्या कपाचा अर्थ. तुम्ही घाबरलात हे मला समजतं. "सासरी काय सांगणार" हे वाक्य कानावर पडलं की भल्याभल्या आयांचा धीर सुटतो. म्हणून तिथूनच सुरुवात करते.

योनीच्या तोंडाशी एक पातळ, लवचीक पटल असतं. ते पूर्ण बंद असतं आणि संबंध आला की फाटतं, असा पुष्कळांचा समज आहे. बंद असतं तर पाळीचं रक्त बाहेरच आलं नसतं. (क्वचित एखाद्या मुलीत ते जन्मतःच बंद असतं. मग रक्त आत साठतं, दर महिन्याला पोट दुखतं आणि छोटी शस्त्रक्रिया करावी लागते.) बाकी बहुतेकींमध्ये ते कडेकडेनं असतं आणि मध्ये मोकळी जागा असते. त्याचा आकार प्रत्येकीचा वेगळा, आणि वयात येताना ते आणखी लवचीक होतं. कप घालताना ते ताणलं जातं, एखादीला थोडं चिरतही असेल. हे मी लपवणार नाही. पण त्यावरून तिचा कुणाशी संबंध आला आहे की नाही, हे कुणालाही सांगता येत नाही, तपासणाऱ्या डॉक्टरांनाही नाही. संबंध आलेल्या कितीतरी स्त्रियांमध्ये ते जसंच्या तसं दिसतं. जागतिक आरोग्य संघटनेनं संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आणि महिलाविषयक संस्थांबरोबर ऑक्टोबर २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलं की कौमार्य चाचणीला कसलाही वैद्यकीय आधार नाही आणि ती बंद व्हायला हवी.

म्हणजे कपानं कौमार्य जात नाही. सासरी सांगण्यासारखं काही घडलेलंच नाही.

ही भीती आपल्याच घरांत आहे असंही समजू नका. अमेरिकेत टॅम्पॉन (रक्त शोषायला योनीत ठेवायच्या कापसाच्या गुंडाळ्या) नवीन होते तेव्हा तिथेही कुमारिकांनी ते वापरावेत का, यावर मोठी चर्चा झाली होती. शेवटी रॉबर्ट डिकिन्सन या नामवंत स्त्रीरोगतज्ज्ञांनी १९४५ साली तिथल्या वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात लेख लिहून टॅम्पॉनची बाजू मांडली. कपही आजकालच्या मुलींचं खूळ नाही. लिओना चाल्मर्स नावाच्या अमेरिकी अभिनेत्रीनं १९३७ मध्ये त्याचं पेटंट घेतलं होतं. म्हणजे तुमच्या सासूबाईंच्याही आधीची वस्तू आहे ती. दुसऱ्या महायुद्धात रबराची टंचाई झाली आणि तो मागे पडला. पुढे सिलिकोन आलं तेव्हा परत आला.

आता अडकण्याबद्दल. योनी वरच्या टोकाला गर्भाशयाच्या मुखापाशी संपते आणि त्या मुखाचं छिद्र इतकं बारीक असतं की कप तिथून पुढे जाणं शक्यच नाही. तो पोटात हरवत नाही. नवशिक्या मुलींच्या बाबतीत घडतं ते एवढंच की कप थोडा वर सरकतो, बोटाला लागत नाही आणि त्या घाबरतात. घाबरलं की स्नायू आवळले जातात आणि काम आणखी अवघड होतं. अशा वेळी उकिडवं बसायचं, शौचाला जोर करतो तसा हळू जोर करायचा म्हणजे कप खाली येतो. मग त्याचा बुडखा चिमटीत दाबायचा. दाबल्यावर आतली हवेची पकड सुटते. त्यानंतरच हळूहळू, जरा तिरका करत बाहेर काढायचा. नुसती कपाच्या खालची दांडी धरून ओढायचं नाही. एवढं करूनही निघाला नाही तर स्त्रीरोगतज्ज्ञ तो काही मिनिटांत काढून देतात. त्यात शरमण्यासारखं काही नाही, हे तुम्ही तिला आधीच सांगून ठेवलंत तर रात्री-अपरात्री ती एकटी घाबरून बसणार नाही, तुम्हाला फोन करेल.

कपाबद्दल आई म्हणून तुम्हाला काळजी करायचीच असेल तर ती स्वच्छतेची करा, ती रास्त आहे. पहिल्यांदा वापरण्याआधी आणि पुढे प्रत्येक पाळीला तो उकळून घ्यावा लागतो. पाच मिनिटं पुरतात, पण कप पाण्यात पूर्ण बुडालेला हवा, तळाला टेकून जळायला नको. ज्या मुली इतरांबरोबर राहतात त्यांची नेमकी इथेच पंचाईत होते. सगळ्यांच्या स्वयंपाकाच्या जागी कप उकळायची लाज वाटते, मग कसाबसा धुऊन वापरला जातो. तिला एक छोटं पातेलं द्या, फक्त कपासाठी. "हे तुझ्या कपासाठी घे" एवढं म्हणून ते तिच्या हातात दिलंत की माफीची लांबलचक भाषणं करावी लागणार नाहीत. हात धुऊनच घालायचा-काढायचा, कंपनीनं सांगितलेल्या वेळेत रिकामा करायचा (बहुतेक ठिकाणी ही मर्यादा आठ ते बारा तास सांगितलेली असते) आणि साध्या पाण्यानं धुऊन परत घालायचा. सुरुवातीच्या दोन-चार पाळ्यांना गळती होते, नीट बसत नाही. तेव्हा जोडीला पातळ पॅड ठेवायचं. 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ' या नियतकालिकात २०१९ मध्ये ४३ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला होता. त्यात कपाची गळती पॅड किंवा टॅम्पॉनइतकीच किंवा त्याहून कमी आढळली, आणि सरावल्यावर बहुतेक बायकांनी तो पुढेही वापरायची तयारी दाखवली. तरीही तिला जमला नाही, दुखला, नकोसा वाटला, तर तिनं तो बाजूला ठेवावा. मी इथे कपाची जाहिरात करत नाही. वापरायचा की नाही, ते तिनं ठरवावं, एवढंच माझं म्हणणं.

टॅम्पॉनचं थोडक्यात सांगते. ते चार ते आठ तासांत बदलायचे, गरजेपुरत्या कमीत कमी शोषण्याच्या क्षमतेचे घ्यायचे आणि झोपताना विसरून ठेवायचे नाहीत. १९८० च्या सुमारास अमेरिकेत अति शोषणाऱ्या टॅम्पॉनशी संबंधित टॉक्सिक शॉक सिंड्रोमची साथ आली होती, त्यात तरुण मुली दगावल्या. हा आजार फार दुर्मीळ आहे, कपाबाबतही त्याच्या तुरळक नोंदी आहेत, म्हणून लक्षणं दोघींनीही माहीत करून घ्या: अचानक खूप ताप, उलट्या-जुलाब, चक्कर, उन्हानं भाजल्यासारखं अंगभर लाल पुरळ. असं झालं तर टॅम्पॉन किंवा कप ताबडतोब काढायचा, थेट रुग्णालय गाठायचं आणि काय वापरत होतो ते न लाजता सांगायचं.

सासूबाईंच्या कापडाबद्दल मात्र मला सविस्तर बोलायचं आहे, कारण त्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. सुती कापड मऊ असतं, हवा खेळते, पुरळ कमी उठतं, कचरा होत नाही. धुतलेलं, उन्हात कडक वाळवलेलं कापड वापरण्यात आरोग्याच्या दृष्टीनं काहीही वाईट नाही. प्रश्न कापडाचा नाहीच, ते कुठे वाळतं त्याचा आहे. दोरीवर आधी कापड, त्यावर परकर, त्यावर टॉवेल, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसू नये. किंवा मोरीच्या कोपऱ्यात, पलंगाखाली, जिथे ऊन कधी पोहोचत नाही. ते ओलसर राहतं, कुबट वास येतो आणि पुढच्या महिन्यात तसंच वापरलं जातं. मग खाज, बुरशी, जळजळ. दोष येतो कापडावर, आणि आजार होतो तो लपवण्यामुळे. तुमच्या घरात इतर कपड्यांशेजारी ते उघड्यावर वाळत घालता येणार असेल तर सासूबाईंचा सल्ला उत्तम. आधी गार पाण्यात भिजवायचं, गरम पाण्यानं डाग पक्का बसतो. मग साबणानं धुऊन उन्हात टाकायचं, ऊन नसेल तर इस्त्री फिरवायची. शिवलेली कापडी पॅड, शोषणाऱ्या कापडाच्या पँटी यांनाही हाच नियम. मुलगी जिथे राहते तिथे धुवायला-वाळवायला जागा नसेल तर मात्र हा पर्याय तिच्यासाठी नाही, आणि ते सासूबाईंनाही पटेल.

पॅडचंही तसंच. विकतची पॅड पहिल्या महायुद्धाच्या काळातून आली. लाकडाच्या लगद्यापासून केलेली जखमेची पट्टी कापसापेक्षा जास्त रक्त शोषते, हे परिचारिकांच्या लक्षात आलं आणि त्यांनी ती पाळीसाठी वापरली. १९२० नंतर कंपन्यांनी पॅड दुकानात आणली तेव्हा बायका मागायलाच धजावेनात. मग साध्या कागदात गुंडाळलेली खोकी आणि शेजारी पैसे टाकायचा डबा, अशी न बोलता खरेदीची सोय करावी लागली. एका कंपनीनं तर १९२८ मध्ये जाहिरातीतच कुपन छापलं: कापून दुकानदाराच्या हातात द्या, तोंडानं काही सांगू नका. आजही पॅडचा पुडा कागदात किंवा काळ्या पिशवीत बांधून मिळतो, आणि लाज वाटते म्हणून पहिला हाताला लागेल तो पुडा उचलून आपण दुकानाबाहेर पडतो. मागची माहिती वाचत नाही. तुमच्या पुरळाचं कारण कदाचित तिथेच असेल. सुवासिक पॅडमधल्या द्रव्यांनी कातडी चिडते, प्लास्टिकच्या वरच्या थरानं घासते, आणि भिजलेलं पॅड जास्त वेळ राहिलं की ओलीनं सोलवटते. बिनवासाचं, वरचा थर सुती असलेलं पॅड घेऊन बघा. प्रवाह कमी असला तरी चार ते सहा तासांत बदला. दोन महिन्यांत फरक पडला नाही तर डॉक्टरांना दाखवा. वापरलेलं पॅड संडासात टाकू नका, कागदात गुंडाळून कचऱ्यात वेगळं द्या.

तेव्हा मुलीनं काय वापरावं? तिला दिवसभर बाहेर राहावं लागतं का, स्वच्छतागृहात पाणी असतं का, दाराला कडी असते का, कापड वाळवायला ऊन मिळतं का, प्रवाह किती आहे, आत काही घालणं तिला सोसतं का. हे प्रश्न तिचे आहेत आणि उत्तरंही तिलाच माहीत आहेत. लग्न झालंय की नाही, हा प्रश्न या यादीत कुठेच बसत नाही. प्रवासात पॅड, परीक्षेच्या दिवशी कप, घरी असताना कापड असंही करता येतं. कुणी एका वस्तूशी जन्माची गाठ बांधलेली नाही.

आता चार दिवसांचं. पाळीतल्या बाईच्या स्पर्शानं काहीतरी बिघडतं, ही समजूत जगात ठिकठिकाणी, निरनिराळ्या धर्मांत आहे. शास्त्रज्ञही तिच्यातून सुटलेले नाहीत. घटसर्पाच्या चाचणीमुळे प्रसिद्ध झालेले व्हिएन्नाचे डॉक्टर बेला शिक यांनी १९२० मध्ये लिहिलं की पाळी असलेल्या मोलकरणीनं हाताळलेली फुलं लवकर सुकली, म्हणजे तिच्या अंगातून विष बाहेर पडत असावं. त्या विषाला त्यांनी नावही दिलं. पुढे कित्येक वर्षं लोक ते शोधत राहिले. तसलं विष मुळात नव्हतंच. पाळीचं रक्त म्हणजे गर्भाशयाचं अस्तर, साधं रक्त आणि स्राव. त्यानं देव, फूल, अन्न, माणूस काहीही बाटत नाही.

"ही प्रथा बाईला विश्रांती मिळावी म्हणून होती," असं सासूबाई म्हणतील. विश्रांती द्यायलाच हवी, खुशाल द्या. ज्या दिवशी पोट दुखतं त्या दिवशी तिला तिच्याच पलंगावर, गरम पाण्याच्या पिशवीसकट, हवा तेवढा वेळ पडू द्या. पण विश्रांती कुणी सक्तीनं देत नाही, आणि तिच्यासाठी अंथरूण वेगळं करावं लागत नाही. वेगळं बसवणं टोकाला गेलं की काय होतं ते नेपाळमध्ये दिसलं. तिथे काही भागांत पाळीत बायकांना घराबाहेरच्या झोपडीत झोपावं लागे. धुरानं गुदमरून, साप चावून, थंडीनं बायका-मुली मेल्या, म्हणून २०१७ मध्ये कायदा करून ती सक्ती गुन्हा ठरवावी लागली. तुमच्या घरात तसं काही नाही, मला कल्पना आहे. पण १९ वर्षांच्या मुलीला दर महिन्याला "तू आज शिवू नकोस" हे ऐकताना काय वाटतं, ते तुम्ही तिच्या वयाच्या असताना तुम्हालाही वाटलं असेल.

मी तुम्हाला सासूबाईंशी भांडायला सांगणार नाही. त्यांनी आयुष्यभर जे श्रद्धेनं पाळलं ते त्या पाळोत. "आई, तुम्ही तुमचं पाळा, मी मध्ये येणार नाही. पण तिला ते सांगू नका, आणि तिची तारीख विचारू नका." हे तुम्हीच बोलायला हवं, मुलीला बोलायला लावू नका. देवघरात जायचं की नाही हे मुलगी ठरवेल. वेगळं झोपणं मात्र घरातून बंदच करा, तुमच्यासाठीसुद्धा. तुम्ही विचारलंत बाजू कुणाची घ्यायची: मुलीची घ्या, उघडपणे, सासूबाईंचा मान राखून. नणंदेनं पुन्हा विषय काढला तर "मी नीट माहिती घेतली आहे, त्यात काही वावगं नाही" एवढं बोलून थांबा. तुमच्या मुलीच्या शरीराचा हिशेब तुम्ही कुणाला देणं लागत नाही.

शेवटचं तुमच्याबद्दल. तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं, आणि ते तुम्ही जाता जाता लिहिलं आहे. वर्षभर अंगावरून जास्त जातंय, दोन तासांत पॅड भिजतंय. ताई, हे चालवून घ्यायचं नाही. एका पाळीत साधारण ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं, ८० च्या वर गेलं तर ते जास्त धरतात. तासा-दोन तासाला पॅड बदलावं लागणं, रक्ताच्या मोठ्या गाठी पडणं, सात दिवसांपेक्षा जास्त चालणं ही सगळी डॉक्टरकडे जायची कारणं आहेत. या वयात पाळी अनियमित होते हे खरं, पण जास्त रक्त जाण्यामागे गर्भाशयातल्या गाठी, थायरॉईडचा त्रास, अस्तरातले बदल असं काहीही असू शकतं, आणि ४५ नंतर ते तपासून घेणं फार गरजेचं असतं. तुम्हाला दम लागतो का, जिना चढताना छाती धडधडते का, केस गळतात का? मग हिमोग्लोबिनही उतरलेलं असेल.

गर्भपिशवीच काढायला सांगतील, या धास्तीनं पुष्कळ बायका दवाखान्याची पायरी चढत नाहीत. दर वेळी काढावी लागत नाही. रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या आहेत, गर्भाशयात बसवायचं संप्रेरकाचं साधन आहे, इतरही उपचार आहेत. कुणी पहिल्याच भेटीत काढायचा सल्ला दिला तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. जाण्याआधी पुढच्या पाळीत रोज किती पॅड लागली, किती भिजली, गाठी केवढ्या पडल्या ते कागदावर लिहून ठेवा. पण तेवढ्यासाठी थांबू नका, पाळी लांब असेल तर आधीच जा. रक्ततपासणी, थायरॉईड आणि सोनोग्राफीबद्दल स्वतःहून विचारा. मुलगी अजून घरी असेल तर तिलाच बरोबर न्या, आणि तपासणीच्या खोलीत तिचा कपाबद्दल काही प्रश्न असेल तर तोही तिथेच विचारू द्या.